बेसवर जन्मलं म्हणून बाळ अमेरिकन होत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा. त्यांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर जर्मनीत असते. जावई मूळचे बडोद्याचेच. त्यांच्या मामांनी ग्रीन कार्डासाठी टाकलेली फाइल उघडली तेव्हा, २०१८च्या जूनमध्ये, एकोणिसाव्या वर्षी ते आईवडिलांबरोबर ग्रीन कार्डावर न्यू जर्सीला गेले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात भरती झाले, दुसऱ्या वर्षी तिथले नागरिक झाले, आणि २०२२च्या अखेरीस त्यांची बदली जर्मनीत कैसर्सलाउटर्नजवळच्या तळावर झाली. लग्न बडोद्यात झालं. मुलीचा पासपोर्ट भारतीयच आहे. तिला आता पाचवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं अशी आईंची इच्छा. रावपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंशी बोलणंही करून ठेवलं आहे. पण विहीणबाई न्यू जर्सीहून रोज फोन करतात: ‘बाळ बेसवरच, म्हणजे लष्करी तळावरच, झालं पाहिजे. बेस म्हणजे अमेरिकेचीच जमीन, तिथं जन्मलं की आपोआप अमेरिकन. बडोद्यात झालं तर जन्मभर व्हिसाच्या रांगेत उभं राहील.’ नात्यातले एक जण नेमकं उलट सांगतात: बडोद्यातच होऊ द्या, दोन्ही देशांचे पासपोर्ट मिळतील. आई विचारतात, ‘माझ्या हौसेपायी नातवंडाचं नुकसान तर होणार नाही ना? मी हट्ट सोडून द्यावा का?’

ताई, प्रश्न विचारायच्या आधीच तुम्ही स्वतःला दोष देऊन मोकळ्या झाला आहात. त्याची काही गरज नाही. बाळ रावपुऱ्यातल्या नर्सिंग होममध्ये झालं, जर्मनीतल्या लष्करी इस्पितळात झालं किंवा तिथल्या एखाद्या गावच्या दवाखान्यात झालं, तरी अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्या-न मिळण्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही. विहीणबाईंची माया खरी आहे, माहिती मात्र चुकीची आहे. आणि असं समजणाऱ्या त्या एकट्या नाहीत. खुद्द अमेरिकन सैनिकांच्या घरांतही हा समज घट्ट बसलेला असतो.

तो कुठून येतो हेही कळण्यासारखं आहे. फाटकावर अमेरिकन शिपाई, आत दुकानात डॉलर चालतो, शाळा अमेरिकन, पोस्ट अमेरिकन. पण जमीन जर्मनीचीच असते. दोन सरकारांमधल्या करारानुसार ती वापरायला दिलेली असते, एवढंच. अमेरिकेत जन्मलेल्याला नागरिकत्व देते ती त्यांच्या घटनेची चौदावी दुरुस्ती, १८६८ सालची. परदेशातला लष्करी तळ किंवा वकिलात या कामासाठी ‘अमेरिकेत’ धरली जात नाही, हे त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं आहे. याचा पुरावा तुमच्या मुलीच्या घरापासून जवळच सापडेल. त्या भागातलं मोठं अमेरिकन लष्करी इस्पितळ लांडश्टूलला आहे. तिथं जन्मलेल्या बाळाची नोंद लांडश्टूल गावच्या जर्मन नोंदणी कार्यालयात होते आणि जन्माचा दाखला जर्मनीचा मिळतो. जमीन अमेरिकेची असती, तर दाखला जर्मनीने कशाला दिला असता?

या गैरसमजापोटी एका माणसाचं काय झालं ते सांगते, कारण ते माहीत असायला हवं. १९८६च्या ऑगस्टमध्ये फ्रँकफर्टच्या अमेरिकन लष्करी इस्पितळात एक मुलगा जन्मला. वडील अमेरिकन सैनिक, जन्माने जमैकाचे पण तोवर अमेरिकेचे नागरिक झालेले, आई केनियाची. मुलगा लहानपणी अमेरिकेत गेला आणि तिथंच वाढला. पुढे काही गुन्ह्यांत शिक्षा झाली, हद्दपारीची कारवाई सुरू झाली, आणि तेव्हा प्रश्न निघाला की हा नागरिक आहे तरी का? त्याच्या जन्माच्या वेळी कायदा असा होता की नागरिक असलेल्या पालकाने मुलाच्या जन्माआधी १० वर्षं अमेरिकेत काढलेली हवीत. वडिलांची तेवढी भरत नव्हती. मग उरला तो एकच आधार: तळ म्हणजे अमेरिकाच, म्हणून मी अमेरिकेत जन्मलो. अमेरिकेच्या पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने २०१५ मध्ये तो मान्य केला नाही, पुढे सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं नाही, आणि २०२५ मध्ये त्याला वडिलांच्या जन्मभूमीला, जमैकाला, पाठवून देण्यात आलं. १० वर्षांची अट ५ वर आणणारा बदल १४ नोव्हेंबर १९८६पासूनच्या जन्मांना लागू झाला. हा मुलगा त्याआधी तीन महिने जन्मला होता.

तुम्हाला घाबरवायला हे सांगितलं नाही. तुमच्या नातवंडाची स्थिती पुष्कळ चांगली आहे. पण ती चांगली आहे ती जावयांच्या कागदांमुळे, इस्पितळाच्या पत्त्यामुळे नव्हे, आणि घरातल्या सगळ्यांनी आतापासून त्या कागदांकडे लक्ष द्यावं म्हणून एवढा प्रपंच.

आजचा नियम असा आहे. आईबाप विवाहित, दोघांतला एक अमेरिकन नागरिक, दुसरा परदेशी, आणि बाळ अमेरिकेबाहेर जन्मलेलं. अशा वेळी बाळाच्या जन्माच्या दिवशी तो एक पालक नागरिक असला पाहिजे, आणि त्या दिवसाआधी त्याने अमेरिकेत एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष काढलेली असली पाहिजेत. त्यातली निदान २ वयाला १४ पूर्ण झाल्यानंतरची. ती सलग असायची गरज नाही. नागरिक होण्याआधी ग्रीन कार्डावर काढलेले दिवसही धरले जातात. मात्र मोजतात ते खरोखर अमेरिकेत असलेले दिवस. घर तिथं होतं, नोकरी तिथं होती, पण माणूस सुट्टीला बडोद्यात होता, तर ते दिवस वजा.

आता जावयांचा हिशेब मांडून पाहा. २०१८च्या जूनपासून २०२२च्या अखेरीपर्यंत साडेचार वर्षं. आजोबा गेले तेव्हा ते तीन महिने बडोद्यात होते असं तुम्ही लिहिलं आहे, ते काढले की सव्वाचार. म्हणजे नुसत्या अमेरिकेतल्या मुक्कामावर पाच वर्षं भरतच नाहीत! इथं सैन्याची नोकरी कामाला येते. कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की अमेरिकेच्या सैन्यात सन्मानपूर्वक सेवा करताना परदेशात काढलेला काळ या पाच वर्षांत धरता येतो. नागरिक झाल्यावर, वर्दी अंगावर असताना जर्मनीत काढलेले महिने जमेला धरले की कमी पडलेले दिवस सहज भरून निघतात. विहीणबाईंना ज्या तळाचा भरवसा वाटतो, त्याचा उपयोग आहे, पण असा आहे: बाळाची आई प्रसूतीच्या दिवशी कुठे आहे याच्याशी नव्हे, बापाने तिथं नोकरी केली याच्याशी त्याचा संबंध. त्यामुळे बाळ बडोद्यात जन्मलं तरी हे महिने तसेच्या तसे धरले जाणार.

असंच काही ज्यांच्या घरी आहे त्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. ही सवलत नोकरी करणाऱ्याला आहे. कुटुंबातली सून अमेरिकन नागरिक असेल आणि सैनिक नवऱ्याबरोबर नुसती राहायला परदेशी गेली असेल, तर तिचे ते दिवस तिच्या खात्यात जमा होत नाहीत. सैनिकाच्या घरात त्याची अविवाहित मुलं म्हणून परदेशात राहिलेल्यांचे दिवस धरतात, बायकोचे नाहीत. फक्त आई नागरिक असलेल्या घरांनी आपला हिशेब वेगळा आणि काटेकोर करावा.

मोजणीनंतर येतात पुरावे, आणि खरी दमछाक इथंच होते. बाळाच्या जन्मानंतर अमेरिकन वकिलातीत ‘कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ बर्थ अब्रॉड’साठी अर्ज करायचा असतो, सगळे त्याला सीआरबीए म्हणतात. पासपोर्टचा अर्ज बहुधा त्याच भेटीत देतात. नागरिकत्व कायद्याने जन्मतःच मिळालेलं असतं, सीआरबीए हा त्याचा पुरावा. तो अठरा वर्षांचं होईपर्यंत काढता येतो, म्हणून लोक रेंगाळतात. रेंगाळू नये. आज जे कागद एका ईमेलवर मिळतात, ते पंधरा वर्षांनी कुणाकडे मागायचे? जावयांना आत्ताच एक फोल्डर करायला सांगा: न्यू जर्सीतल्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्ट, पगाराच्या आणि टॅक्सच्या डब्ल्यू-२, भाडेकरार, जुन्या-नव्या पासपोर्टांची पानन् पान, भरतीचे आणि बदलीचे हुकूम, सेवेची नोंद, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. अमेरिकेत शिरल्या-बाहेर पडल्याच्या तारखांची यादीही करायला सांगा. त्या पासपोर्टच्या शिक्क्यांशी ताडून पाहाव्यात. बाळंतपण बडोद्यात झालं आणि मुलाखतीच्या वेळी जावई हजर राहू शकले नाहीत, तर त्यांना डीएस-५५०७ हे प्रतिज्ञापत्र आणि पासपोर्टसाठी डीएस-३०५३ हे संमतीपत्र तिकडून रीतसर करून पाठवावं लागेल.

बडोद्याच्या मराठी घरांना एक गोष्ट जास्त जपून पाहावी लागते. आपल्याकडे कारकुनाच्या लेखणीतून नावाला ‘भाई’ आणि ‘बेन’ चिकटतात. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या नावाला ‘बेन’, पासपोर्टवर नुसतं नाव. जावयांच्या वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘भाई’, दुसऱ्यावर ‘राव’, अमेरिकन कागदावर काहीच नाही. त्यात लग्नानंतर बदललेलं नाव आणि आडनाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं जादा ‘ए’. इथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही, पण खिडकीपलीकडचा अधिकारी कागदावरची अक्षरं जुळवतो. ही दोन वेगवेगळी माणसं नाहीत हे त्याला पटवून देण्यात महिने जातात. बाळाचा दाखला तयार होईल तेव्हा आईबापांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर तशीच, पडली पाहिजेत. बाळंतपण बडोद्यात झालं तर नर्सिंग होममध्ये फॉर्म भरतानाच हे पाहा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, आणि त्या फॉर्मवर जे उतरलं तेच पुढे महानगरपालिकेच्या दाखल्यावर येतं.

आता नातेवाइकांच्या त्या दुसऱ्या सल्ल्याकडे वळू. बडोद्यात जन्मलेलं बाळ भारताचं नागरिक होईल, हे अर्धं खरं आहे. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार ३ डिसेंबर २००४पासून भारतात जन्मलेल्या मुलाला, एक पालक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल तर, जन्माने नागरिकत्व मिळतं. तुमची मुलगी भारतीय आहे, जावई व्हिसा घेऊन येतील. पण दोन्ही पासपोर्ट? ते नाही. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकन पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट काढता किंवा ठेवता येत नाही. जर्मनीत जन्मलं तरी तेच: फ्रँकफर्टच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये एक वर्षाच्या आत नोंद करून वंशाने भारतीय नागरिकत्व घेता येतं, पण त्यासाठी आईबापांना लिहून द्यावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

मग अमेरिकन कागद काढूच नयेत, बाळ भारतीयच राहू दे, असंही कुणी सुचवेल. त्यात अडचण अशी की अमेरिकेचा कायदा बाळाला विचारून नागरिक करत नाही. अटी भरत असतील तर ते जन्मतःच नागरिक असतं, आईबापांनी नको म्हणून चालत नाही, आणि नागरिकाला अमेरिकेत येता-जाताना अमेरिकन पासपोर्टच लागतो. मोठं झाल्यावर जगात कुठेही राहिलं तरी तिथल्या कर खात्याकडे विवरणपत्र भरण्याची जबाबदारीही त्याच्यामागे येते. विहीणबाईंना ज्यात फक्त लाभ दिसतो, त्यात हेही आहे. जावई सैन्यात असेपर्यंत या कुटुंबाला अमेरिकन पासपोर्टच सोयीचा पडेल असं माझं मत आहे. बाळ जर्मन होईल का, हा प्रश्न मात्र मनात आणायला नको. तिथं परदेशी आईबापांच्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला एका पालकाचं काही वर्षांचं रीतसर वास्तव्य लागतं, आणि नाटोच्या करारावर आलेल्या सैनिकांना तसा कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही.

भारताशी नातं टिकवायला ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारा जणू कायमचा व्हिसा. तुमची मुलगी भारतीय नागरिक असल्याने बाळाला ते मिळू शकतं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, बाकी आजोळी कधीही यावं, हवं तितकं राहावं. विहीणबाईंची ‘जन्मभर व्हिसाची रांग’ इथं संपते. एक गोष्ट मात्र जावयांना कुणी सांगितली नसेल तर तुम्ही सांगा. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत ओसीआय देत नाही. बडोद्यात जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला आपल्या गावी यायला व्हिसा काढावा लागणार, हे मलाही लिहिताना बरं वाटत नाही. पण नियम तसा आहे, आणि बाळंतपणाच्या वेळी ऐन घाईत तो समजू नये.

अशा घरांत आणखी एक भीती फिरते, ती २०१९ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की परदेशात नेमणुकीवर असलेल्या सैनिकांची आणि सरकारी नोकरांची काही मुलं यापुढे ‘अमेरिकेत राहणारी’ धरली जाणार नाहीत. बातम्यांचे मथळे असे आले की जणू सैनिकांची सगळीच मुलं उघड्यावर पडली. खरं तर तो बदल जन्मतः नागरिक असलेल्या मुलांना लागूच नव्हता. फटका बसणार होता तो ज्यांचे पालक मुलाच्या जन्मानंतर नागरिक झाले अशांना, दत्तक मुलांना, आणि वर्षांची अट न भरणाऱ्यांना. २६ मार्च २०२०ला नवा कायदा होऊन तेही दुरुस्त झालं. आता सैनिक आईबापांबरोबर हुकमानुसार परदेशी राहणारं, ग्रीन कार्ड असलेलं, अठराच्या आतलं मूल पुन्हा अमेरिकेत राहणारं धरतात आणि त्याला आपोआप नागरिकत्व मिळू शकतं. ज्यांचे जावई किंवा मुलगे बाळाच्या जन्माच्या दिवशी अजून ग्रीन कार्डावरच असतील, त्यांनी वकिलाला या २०२०च्या कायद्याबद्दल नेमकं विचारावं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या आदेशावरून जो गदारोळ झाला, तो अमेरिकेच्या भूमीवर जन्मणाऱ्या मुलांचा होता. तुमच्या नातवंडाशी त्याचा संबंध नाही.

ताई, नागरिकत्वाचा मुद्दा एवढा मोकळा झाल्यावर मला तुमच्या पत्रात एक जागा रिकामी दिसते. विहीणबाई काय म्हणतात ते आहे, नातेवाईक काय म्हणतात ते आहे, तुमची हौस आहे. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. बाळंतपण तिचं आहे. तुम्ही दोघी आज्या जमिनीवरून वाद घालत असताना ती कदाचित कुणाचंच मन मोडू नये म्हणून गप्प असेल. तिला कुणाजवळ सुरक्षित वाटतं, तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांवर तिचा विश्वास बसला आहे का, प्रसूतीच्या वेळी नवरा खोलीत हवा आहे का, हे तिला एकटीला फोन करून विचारा. विचारताना रावपुऱ्यातल्या डॉक्टरबाईंचं नाव पहिल्या वाक्यात घेऊ नका.

दोन्हीकडचं खरं वजन सांगते, म्हणजे तिलाही ठरवता येईल. बडोद्याला यायचं तर फार थांबता येणार नाही. सातवा महिना सरला की बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात चढूच देत नाहीत. इथं तुमचा हात पाठीशी असेल, भाषा आपली, तेल-मालिशवाली बाई, शेक-शेगडी, सगळं. पण जावयांना रजा किती आणि केव्हा मिळेल हे त्यांचा कमांडर ठरवणार. बाळाचा सीआरबीए आणि पासपोर्ट मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून काढायचा, कारण गुजरात त्यांच्याकडे येतं. तान्ह्याला घेऊन मुंबईला जावं लागेल, कागद हातात यायला आठवडे लागतील. त्यानंतरही बाळ लगेच उडू शकत नाही: भारतात जन्मून अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्या बाळाकडे भारतीय व्हिसा नसतो, म्हणून देश सोडायला ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, पोर्टलवरून एक्झिट परमिट घ्यावं लागतं. ही एक गोष्ट माहीत नसल्याने लोक विमानतळावरून परत येतात. आणि या सगळ्या काळात बाप बाळापासून लांब.

जर्मनीत झालं तर कागद सरळ जातात. तळावरच्या पासपोर्ट ऑफिसात बाळाच्या कागदांची विचारपूस करता येते, अशी बाळं तिथं नेहमीचीच असतात. लष्कराच्या नोंदीत आणि विम्यात बाळाचं नाव तिथल्या तिथं चढतं. बाप पहिल्या दिवसापासून हाताशी. पण मुलगी माणसांत एकटी पडेल. जावई सरावाला किंवा मोहिमेवर गेले तर सातासमुद्रापलीकडच्या घरात ती आणि बाळ. लष्करी वसाहतीत शेजारणी मदतीला धावतात, तरी रात्री तीनला रडणाऱ्या बाळाजवळ आई हवी असते.

तुमच्या पत्रात न आलेला तिसरा रस्ता मला सगळ्यांत पटतो. तुम्ही तिकडे जा. माहेर म्हणजे काही फक्त दांडिया बाजारातलं घर नव्हे. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मुलीचं निमंत्रण, तुमचे बँकेचे आणि इन्कमटॅक्सचे कागद, निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, एवढी तयारी आतापासून केली तर वेळेत होईल. तारीख अशी धरा की प्रसूतीच्या आधी पंधरा दिवस तुम्ही पोचलेल्या असाल, म्हणजे सव्वा महिना उलटून बारसंही तुमच्या हातून होईल. डिंक, खारीक, सुंठ, हळीव बॅगेत भरा. तूप आणि दुधाचे पदार्थ मात्र प्रवाशाच्या सामानातून युरोपात नेता येत नाहीत, ते तिथल्या भारतीय दुकानातून घ्या. लाडू तिथंच वळा. पुढच्या हिवाळ्यात बाळ ओसीआय कार्ड घेऊन बडोद्याला येईल तेव्हा सगळ्या नातलगांना बोलवा. अर्थात मुलीने मनापासून ‘आई, मला तुझ्याकडेच यायचंय’ म्हटलं, तर बिनदिक्कत बोलवा. नातवंडाचं त्यात काही जात नाही. फक्त एक्झिट परमिटपर्यंतचे सगळे आठवडे हिशेबात धरून परतीची तारीख ठरवा.

विहीणबाईंशी बोलताना त्यांना चूक ठरवायला जाऊ नका. जावयांनाच त्यांच्या आईशी बोलू द्या. ५ वर्षांचा हिशेब त्यांच्या तोंडून ऐकला, आणि आपल्या मुलाच्या सैन्यातल्या नोकरीमुळेच नातवंडाचं काम होतंय हे कळलं, की त्यांचा आग्रह सैल पडेल असं मला वाटतं.

आणि एक काम बडोद्यात बसून तुम्हीच करू शकता. लग्न इथं झालं असं लिहिलंत, पण नोंदणीचं काही लिहिलं नाहीत. हॉलची पावती आणि पत्रिका वकिलातीत चालत नाही. आईबाप विवाहित असल्याचा सरकारी दाखला नसेल तर बापाला वेगळ्या, जास्त जाचक अटींतून जावं लागतं. गुजरातेत २००६च्या कायद्याने लग्नाची नोंदणी सक्तीची आहे आणि उशिरानेही करता येते. दाखला असेल तर आजच काढून त्यावरची दोघांची नावं पासपोर्टच्या झेरॉक्सशी ताडून बघा. नसेल तर महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जाऊन काय काय लागतं ते लिहून आणा, कारण त्यावर मुलीच्या आणि जावयांच्या सह्या लागणार आणि ते कागद जर्मनीहून मागवायला वेळ जाईल.